बोरिंगचं पाणी

"मॅडम, ही पोरं खर्रा खातात." शाळेत आरोग्य तपासणीला गेलं की गुरुजी हे आधीच सांगून टाकायचे. त्यांचं म्हणणं सहज पटण्यासारखं होतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा मोठ्यांच्या खिशातून लहानांच्या हातात कधी जातो, ते कळतही नाही. त्यामुळे पुढच्या दातांवर तपकिरी डाग दिसले की निदान तिथंच व्हायचं. मुलं मान खाली घालून ओरडा ऐकायची. काही मुली तर हसतानासुद्धा तोंडावर हात धरायच्या.

तो डाग खर्र्याचा नव्हता. खर्र्याचा डाग हिरडीच्या कडेला आणि दातांच्या फटीत साचतो, खरवडला की बऱ्यापैकी निघतो. या मुलांच्या वरच्या मधल्या दोन दातांवर आडवे पट्टे होते, दोन्ही दातांवर एकाच उंचीवर. काहींच्या दातांची चमक जाऊन ते पांढुरके पडले होते, काहींना बारीक खड्डे होते. कितीही घासलं तरी फरक पडत नव्हता, कारण रंग नुसता दातावर चढलेला नव्हता, दात घडतानाच त्यात दोष राहिला होता. सात वर्षांच्या मुलीचे दात खर्र्यानं असे होत नाहीत.

पांढरकवड्याच्या पुढे, तेव्हाच्या आंध्रच्या सीमेकडे सरकलं की कापूस आणि तुरीच्या शेतांमधून कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, लागतात. तिथल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होते. फ्लोरोसिस हा आजार मला माहीत होता, पण वैद्यकीय अभ्यासक्रमातल्या पार्कच्या पुस्तकातल्या दोन-तीन परिच्छेदांपुरता. परीक्षेसाठी पाठ केलेले आकडेही आठवत होते. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालवून घेते. भारतीय मानक त्याहून कडक आहे: १ मिलिग्रॅम, आणि दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर १.५. भारतात हा आजार ओळखला गेला १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात. म्हणजे मी ज्याकडे पाहत होते त्यात नवं काहीच नव्हतं. याच गोष्टीचा मला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

दातांचं गणित नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा पुरावा त्यातच आहे. कायमचे दात तोंडात दिसतात सहाव्या-सातव्या वर्षापासून, पण त्यांचं वरचं कठीण आवरण हिरडीच्या आत, जबड्यात, त्याच्या कितीतरी आधी तयार होत असतं. पुढच्या दातांचं आवरण बाळ काही महिन्यांचं असल्यापासून घडायला लागतं. दाढांचं काम आठव्या वर्षाच्या आसपास संपतं, फक्त अक्कलदाढा मागे राहतात. या काळात पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं तर ते आवरण सच्छिद्र होतं आणि दात तोंडात आल्यावर त्यात रंग मुरतो. ओल्या मडक्यावर उमटलेलं बोट भट्टीतून निघाल्यावर पुसता येत नाही, तसंच हे. सात वर्षांच्या मुलाच्या दातांवर मी पाहत होते ते त्यानं दोन वर्षांचा असताना प्यालेलं पाणी.

मग मी आणि आमचे आरोग्यसेवक शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर घेऊन बसलो. कोणतं मूल कोणत्या वस्तीतलं, कुठल्या पाण्यावर वाढलेलं, असं मांडत गेलो. जुन्या गावठाणातली बरीच घरं अजून विहिरीवर भरायची. नव्या वस्तीत आणि पोडावर बोरिंग होतं. आमच्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात. डाग जवळजवळ सगळे बोरिंगच्या बाजूला होते. दोन सख्खे भाऊ माझ्या कायम लक्षात राहिले. घर दुसऱ्या तालुक्यातून इथं आलं तेव्हा थोरला नऊ वर्षांचा होता आणि धाकटा अंगावर पिणारा. थोरल्याचे दात स्वच्छ पांढरे, धाकट्याचे तपकिरी. घर एक, ताट एक, टूथपेस्ट म्हणाल तर दोघांच्याही नशिबी नाही. फरक एवढाच की धाकट्याचे दात या गावच्या पाण्यावर घडले होते.

मोठ्यांकडे वळले तेव्हा चित्र आणखी गंभीर झालं. फ्लोराइड हाडांतही साठतं, सांधे आणि कणा आखडतात. तपासायच्या रीती अगदी साध्या आहेत: गुडघे न वाकवता जमिनीवरचं नाणं उचला, हनुवटी छातीला लावा, दोन्ही हात डोक्यामागे न्या. पन्नाशीही न गाठलेले काही पुरुष नाण्यापर्यंत पोचत नव्हते. एका बाईला मान मागे करून झाडाचा शेंडा पाहता येत नव्हता. "वात आहे जी," ती म्हणाली. एका मुलाचे गुडघे चालताना एकमेकांवर घासत होते. त्याला मी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. आईनं विचारलं, "सरळ होतीन का याचे पाय?" शस्त्रक्रियेनं पाय थोडेफार सरळ करता येतात, पण हाडात गेलेलं फ्लोराइड काढून घेणारं औषध नाही. तिला हे सांगणं मला फार जड गेलं.

इथं थांबून बोरिंगच्या बाजूनंही बोललं पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव खडक फोडून हातपंप बसवले गेले, त्यांनी लाखो मुलं वाचवली. उघड्या विहिरी आणि नाल्यांच्या पाण्यातून कॉलरा, गॅस्ट्रो, नारू यायचे. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, त्यात सुरक्षित पाण्याचा मोठा वाटा आहे. बंगालमध्येही नेमकं असंच झालं. जुलाबानं मरणारी मुलं वाचावीत म्हणून कूपनलिका खोदल्या, आणि १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्यासमोर चोवीस परगण्यातले रुग्ण आले. त्यांच्या कातडीवरच्या डागांमागे निघालं ते त्याच कूपनलिकांमधलं आर्सेनिक. खोदणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. खडकातून पाण्यात काय उतरतं ते तपासायचं राहिलं आणि तपासलं तिथं सांगायचं राहिलं.

आमच्या भागातल्या खोल खडकात फ्लोराइड असलेली खनिजं आहेत. पाणी तिथं वर्षानुवर्षं मुरतं, आणि ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त, त्यात फ्लोराइड भरपूर विरघळतं. याचा एक परिणाम असा की असं पाणी बायकांना आवडतं. त्यात डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो, चव मऊ लागते. विहिरीचं पाणी जड, त्यात तूर शिजायला लाकडं जास्त लागतात. "बोरिंगचं पाणी गोड आहे," असं सगळ्या सांगायच्या आणि ते खरंही होतं. फ्लोराइडला रंग, वास, चव काही नाही. उकळल्यानं ते जात नाही, पाणी आटलं की उलट दाटच होतं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून त्याचं काही होत नाही. पाणी गाळा, उकळा, टीसीएल टाका, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. त्यातलं काहीच इथं उपयोगाचं नव्हतं.

पाण्याचे नमुने मी प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये भरून प्रयोगशाळेत पाठवले. फ्लोराइडच्या नमुन्यासाठी काचेची बाटली वापरत नाहीत. पोडावरच्या बोरिंगचा आकडा मर्यादेच्या दुपटीहून जास्त आला. तो कागद हातात आल्यावर मला वाटलं, काम झालं. आकडा आहे, मुलं आहेत, आता कुणी नाही म्हणणार नाही.

आढावा बैठकीत मी विषय मांडला. एका वरिष्ठांनी विचारलं, "जुलाब-उलट्यांची साथ आहे का? कावीळ आहे का?" दोन्हीला नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग पाणी चांगलं आहे." दर महिन्याच्या अहवालात साथीच्या आजारांचे रकाने होते, दातांचा नव्हता. शिवाय गावाला हिरवं कार्ड मिळालेलं होतं. ही कार्डं पाण्याच्या स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएलचा नियमित वापर हे पाहून देतात. ती पद्धत साथी रोखायला फार उपयोगी आहे. मात्र खडकातून आलेल्या फ्लोराइडबद्दल हिरवं कार्ड काहीच सांगत नाही. गावाला वाटत होतं, सरकारनं आपलं पाणी तपासून चांगलं ठरवलंय.

खरा धक्का बसला तो नंतर. पाणी तपासणीच्या जुन्या नोंदी पाहायला मी जिल्ह्याच्या एका कार्यालयात गेले. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं आपणहून कपाटातलं रजिस्टर काढून दिलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्याच बोरिंगचं पाणी काही वर्षांपूर्वी तपासलेलं होतं. आकडा माझ्या आकड्याच्या जवळपासच. शेरा: पिण्यास अयोग्य. खाली सही. ती ओळ त्या पानावरून कुठेच गेली नव्हती, ग्रामपंचायतीत नाही, आरोग्य केंद्रात नाही, शाळेत नाही. ती लिहिली गेली तेव्हा जन्मलीही नव्हती अशी मुलं आता माझ्यासमोर तोंड उघडून उभी राहत होती. त्यांचे दात त्या शेऱ्यानंतर घडले. त्यांच्या बाबतीत अज्ञानाचं कारण कुणालाच देता येणार नाही.

त्यानंतर मी अर्ज लिहिणं थांबवलं नाही. प्रत्येक पत्राला मुलांची यादी जोडली, नावाऐवजी वय, वस्ती आणि पाण्याचा स्रोत. दंतवैद्यकाच्या एका प्राध्यापकांना बोलावून त्यांच्याकडून स्वतंत्र तपासणी करून घेतली, म्हणजे एका बाईच्या म्हणण्यावर सगळं उभं राहायला नको. त्यांचे निष्कर्ष माझ्या निष्कर्षांशी जुळले. मला तोंडी सांगितलं गेलं की घबराट पसरवू नका. बदलीचा विषयही निघाला.

पण सगळ्यात अवघड विरोध गावातून आला आणि तो मला अजून चुकीचा वाटत नाही. सरपंचांच्या ओसरीवर बैठक भरली होती. अंगणवाडीच्या ताई माझ्या बाजूनं बोलल्या, बाकी सगळे गप्प. शेवटी एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमी गावाचं नाव पेपरात आनसान, मंग आमच्या पोरीयले कोन करन?" दातांमुळे सोयरिकी मोडत होत्याच. गावाच्या नावावर शिक्का बसला की ज्यांचे दात चांगले आहेत त्या मुलींचीही लग्नं अडणार, ही भीती खरी होती. मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "बोरिंग बंद करसान तं उन्हाळ्यात पानी कुठून आनाव आमी?" या प्रश्नाला माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हतं. डॉक्टरनं विष दाखवलं की त्याचं काम संपलं असं शहरात बसून वाटू शकतं. ज्या बाईला रोज डोक्यावर हंडे आणायचे असतात तिला पर्यायी पाणी न दाखवता फक्त भीती दाखवणं हाही अन्यायच आहे.

पर्याय गावातच होता. गावठाणातली जुनी विहीर बोरिंग आल्यावर ओस पडत चालली होती. तिच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेत निघालं. उथळ विहिरीचं पाणी पावसातून येतं, खोल खडकाशी त्याचा संबंध कमी, म्हणून बऱ्याच ठिकाणी असं आढळतं. सगळीकडे आढळेल असं मात्र नाही, तपासावंच लागतं. लोकांनी श्रमदानानं गाळ उपसला, कठडा बांधला, टीसीएलची जबाबदारी ठरली. पिण्याला आणि स्वयंपाकाला विहिरीचं पाणी, बाकी सगळ्याला बोरिंगचं, असा साधा नियम केला. बोरिंगला लाल रंग लावला. डाळ उशिरा शिजते म्हणून पहिले काही महिने बायकांची कुरकुर चालू होती. लहान मुलं असलेल्या घरांनी आधी ऐकलं, मग बाकीच्यांनी.

पुढे पोडावर फ्लोराइड काढणारं यंत्रही बसलं आणि काही महिन्यांत बंद पडलं, कारण त्यातला माल ठरावीक काळानं पुन्हा तयार करून घ्यावा लागतो आणि ते कुणी करायचं हे ठरलंच नव्हतं. तंत्र आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेनं विकसित केली, १९७० च्या दशकातच. आमच्या पोडापासून नागपूर काही तासांच्या वाटेवर आहे.

आहाराचंही काम केलं. ज्या मुलाच्या जेवणात कॅल्शियम कमी त्याला फ्लोराइड जास्त बाधतं. बिनदुधाचा काळा चहा मुलांना देऊ नका, असं सांगत फिरलो, कारण चहातही फ्लोराइड असतं आणि गरिबाघरचं मूल सकाळी त्यावरच असतं. पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा कॅल्शियमनं भरलेला. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागात फ्लोरोसिसवर काम करणाऱ्यांनी त्याचा आहारात मुद्दाम वापर केला आहे. आमच्या बायकांना तरोट्याची भाजी शिकवावी लागली नाही, फक्त ती गरिबीची खूण नाही एवढं सांगावं लागलं.

बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची हकीकत वाचली, तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. मिशिगन राज्यातल्या या शहरानं पैसे वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये नळाचं पाणी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात केली. नळ आतून झिजू नयेत म्हणून जे रसायन घालायचं, ते घातलंच नाही. जुन्या नळांमधलं शिसं पाण्यात उतरू लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यानं ते पाणी घेणं बंद केलं, कारण त्यानं यंत्रांचे सुटे भाग गंजत होते. मुलं मात्र पुढे वर्षभर तेच पाणी पीत राहिली. घराघरांतून बायका गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होत्या आणि त्यांना पाणी सुरक्षित असल्याचं सांगितलं जात होतं. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हन्ना-अतिशा यांनी आपल्या रुग्णालयातल्या मुलांच्या रक्ततपासण्यांच्या नोंदी काढल्या, पाणी बदलण्याआधीच्या आणि नंतरच्या. रक्तात शिसं वाढलेल्या लहान मुलांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं होतं. २४ सप्टेंबर २०१५ ला त्यांनी पत्रकार परिषद घेऊन ते जाहीर केलं. सरकारी प्रवक्त्यांनी त्यांच्या आकड्यांवरच शंका घेतली. मग राज्यानं स्वतःचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तेही तेच सांगत होते. १६ ऑक्टोबरला शहर पुन्हा जुन्या पाण्यावर आलं.

त्यांच्यापाशी संगणकातल्या नोंदी होत्या, आमच्यापाशी शाळेचं रजिस्टर. त्या श्रीमंत देशात आणि आमच्या पोडावर एक गोष्ट मात्र सारखीच घडली: पाणी वाईट आहे हे मान्य व्हायला मुलांच्या शरीरातून पुरावा यावा लागला. शिसं मेंदूवर जे करतं आणि फ्लोराइड हाडांवर जे करतं, ते पुरावा हाती येईपर्यंत होऊन गेलेलं असतं. मुलाच्या शरीरात पुरावा तयार होईपर्यंत थांबणं ही वैज्ञानिक सावधगिरी नाही, तो मुलांवर केलेला अत्याचार आहे. पाणी तपासायचं ते बाटलीत. त्यासाठी मूल वापरायचं नसतं.

विहीर सुरू झाल्यानंतर जन्मलेली मुलं शाळेत येऊ लागली, तोवर माझी बदली झालेली होती. तरी मी मुद्दाम तपासणीला गेले. पहिलीच्या मुलांचे नवे दात नुकते येत होते. बहुतेकांचे स्वच्छ होते. वरच्या वर्गांतल्या मुलांचे तसेच तपकिरी होते आणि ते तसेच राहणार. गुरुजींनी मात्र खर्र्याचं नाव काढलं नाही. मोठ्या मुलांना उभं करून त्यांनी वर्गाला सांगितलं की यात यांचा काही दोष नाही. त्यांनी हे सगळ्यांसमोर म्हटलं याचं मोल मला कुठल्याही शासकीय आदेशापेक्षा जास्त वाटतं.

आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. फ्लोरोसिससाठी २००८-०९ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०१९ मध्ये जल जीवन मिशन आलं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. म्हणजे तुमच्या गावच्या बोरिंगचा आकडा बहुधा कुठेतरी लिहिलेला आहे.

तो मागा. ग्रामपंचायतीत जा आणि हिरवं कार्ड दाखवलं तरी तेवढ्यावर परत येऊ नका. रासायनिक तपासणीचा अहवाल मागा आणि त्यातली फ्लोराइडची ओळ स्वतः वाचा. आकडा १.५ च्या वर असेल तर आठ वर्षांखालच्या मुलाच्या पिण्यात आणि स्वयंपाकात ते पाणी उद्यापासून येऊ देऊ नका, आणि दुसरं पाणी कुठून देता हे ग्रामसभेत लेखी विचारा. अहवालच नसेल तर प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत नमुना भरून जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत द्या. शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे: एकाच वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या पुढच्या दातांवर आडवे पट्टे दिसले तर त्यांना रागावू नका, जवळच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.